काळा पडदा आणि मालकीचा प्रश्न

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. लिनक्स या संगणकप्रणालीकडे नव्याने वळलेल्या माणसाला ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरने दिलेला त्रास हा समाजवादी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गाचा विषय कसा होऊ शकतो? शेतमालाचे भाव, कंत्राटी कामगारांचे प्रश्न, शिक्षणाचे खाजगीकरण असे ज्वलंत विषय समोर असताना हे यंत्रपुराण कशासाठी? हा आक्षेप समजण्यासारखा आहे. परंतु समाजातील मालकीचे संबंध ग्रंथांतल्या सिद्धान्तांत दिसतात तसे रोजच्या वापरातील बिघडलेल्या यंत्रातही दिसतात. चालू असलेले यंत्र आपला खरा धनी कोण हे सांगत नाही. ते बंद पडले म्हणजे सांगते.

आणि असा प्रसंग आज असंख्य ठिकाणी उद्भवला आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. तिच्यापुढची विंडोज ११ ही प्रणाली बसवायची तर संगणकात ठराविक सुरक्षा-चकती आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर असावा लागतो. साधारणपणे २०१८ च्या आधीचे बहुतेक संगणक या अटींत बसत नाहीत. म्हणजे ज्या संगणकावर कालपर्यंत युनियनची पत्रके तयार होत होती, वाचनालयाची नोंदवही ठेवली जात होती, शाळेतली मुले शिकत होती, तो धडधाकट संगणक एका तारखेला कागदोपत्री म्हातारा ठरला. त्याचा एकही भाग झिजलेला नव्हता. झिजला होता तो त्याच्यात विक्रेत्याला असलेला रस.

अशा वेळी अनेकांनी लिनक्सचा मार्ग धरला. तो योग्यच आहे. उबुंटू, लिनक्स मिंट, डेबियन, फेडोरा यांपैकी कोणतीही मांडणी विनामूल्य मिळते, तिच्यावर देवनागरी उत्तम उमटते, लिबरऑफिसमध्ये पत्रव्यवहार आणि हिशेब दोन्ही होतात. ज्या संगणकात इंटेलचे अंतर्भूत ग्राफिक्स आहे, त्यांच्या मालकांना बहुधा काहीच अडचण येत नाही. पण ज्याच्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड आहे, विशेषतः एनव्हिडिया कंपनीचे, अशा नवख्याच्या वाट्याला कधी कधी एक काळा पडदा येतो. संगणक सुरू आहे, पंखा फिरतो आहे, दिवा लुकलुकतो आहे, आणि पडद्यावर काही नाही. नवखा मनात म्हणतो, आपलेच काही चुकले. पुष्कळदा तो जुन्या प्रणालीकडे परत जातो आणि लिनक्स हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे, असे चार जणांना सांगतो. चळवळीच्या दृष्टीने हा तोटा लहान नाही.

दुभाषा आणि त्याचे तीन भाग

हा पडदा काळा का होतो, हे समजून घेतले पाहिजे. ग्राफिक्स कार्ड हा संगणकातला एक स्वतंत्र कारखानाच असतो. त्याच्यात आकडेमोड करणारे शेकडो ते हजारो लहान घटक असतात, त्याची स्वतःची स्मृती असते, आणि पिढीगणिक त्याची अंतर्गत रचना बदलते. प्रणालीला या कारखान्याची भाषा येत नाही. ड्रायव्हर हा त्या दोघांमधला दुभाषा होय.

या दुभाष्याचे तीन भाग पडतात. पहिला भाग प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये राहतो आणि कार्डाची स्मृती, वीज व पडद्याची मापे सांभाळतो. दुसरा भाग गाभ्याबाहेर असतो. खेळ, चित्रफिती किंवा खिडक्या रंगविणारे कार्यक्रम चित्र काढण्याच्या ज्या आज्ञा देतात, त्यांचे कार्डाच्या भाषेत रूपांतर तो करतो. लिनक्सवर खुल्या ड्रायव्हरांसाठी हे काम मेसा नावाचा प्रकल्प करतो. तिसरा भाग म्हणजे फर्मवेअर. ते कार्डातच चालते आणि सुरुवातीला त्याच्यात भरावे लागते. हे तीन भाग एकमेकांशी जुळले नाहीत की पडदा काळा होतो, अंधुक दिसतो, किंवा चित्र दिसते पण सगळे संथ चालते. कोणता भाग कोणाच्या मालकीचा आहे, हा प्रश्न येथूनच सुरू होतो.

नवख्याने चालायची वाट

आधी व्यवहाराचे पाहू. कार्यकर्त्याला उपाय माहीत नसेल तर त्याने सांगितलेल्या तत्त्वज्ञानावर कोणी विश्वास ठेवत नाही.

प्रणाली बसवतानाच पडदा काळा झाला, तर संगणक पुन्हा सुरू करून ग्रब नावाच्या पहिल्या यादीवर थांबावे. ती यादी आपोआप दिसत नसेल तर सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप कळ दाबून ती येते. तेथे रोमन ई ही कळ दाबली म्हणजे सुरुवातीच्या आज्ञा उघडतात. ज्या ओळीचा आरंभ लिनक्स या शब्दाने होतो, तिच्या शेवटी नोमोडसेट हा एक शब्द लहान रोमन अक्षरांत सलग जोडावा आणि एफ-१० दाबून पुढे जावे. या शब्दाचा अर्थ असा की, कर्नलने कार्डाच्या खास ड्रायव्हरच्या भानगडीत न पडता संगणकाने दिलेल्या साध्या चित्रावर काम भागवावे. चित्र ओबडधोबड येते, पण येते. हा बदल त्या एका वेळेपुरताच टिकतो. तो औषध नव्हे, पंगू पायाला दिलेली कुबडी आहे. ती कायमची लावून ठेवली तर कार्ड असून नसल्यासारखे होते.

चित्र आले म्हणजे दुसरी पायरी ओळख पटवण्याची. आपल्या संगणकात कोणते कार्ड आहे आणि आत्ता त्याला कोणता ड्रायव्हर चालवतो आहे, हे ठाऊक नसताना उपचार सुरू करणे म्हणजे रोगी न पाहता औषध देणे होय. टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय ही आज्ञा के या पर्यायासह दिली, की प्रत्येक उपकरणाखाली वापरात असलेल्या ड्रायव्हरचे नाव छापले जाते. तेथे नूव्हो असे नाव असेल तर तो एनव्हिडियासाठी स्वयंसेवकांनी घडवलेला खुला ड्रायव्हर आहे. एनव्हिडिया असे असेल तर कंपनीचा. एएमडीजीपीयू असेल तर एएमडीच्या कार्डाचा खुला ड्रायव्हर. अनेक लॅपटॉपांत दोन ग्राफिक्स असतात, इंटेलचे किंवा एएमडीचे अंतर्भूत आणि जोडीला एनव्हिडियाचे. तेथे कोणते चित्र कोण काढते, हे वेगळे पाहावे लागते. आणि चित्र रंगविणाऱ्याचे नाव एलएलव्हीएमपाइप असे दिसले तर समजावे की, कार्ड स्वस्थ बसले आहे आणि सगळा भार बिचाऱ्या प्रोसेसरवर पडतो आहे. चित्रफीत अडखळते आणि पंखा ओरडतो तो म्हणूनच.

तिसरी पायरी सवय मोडण्याची. विंडोजवर वाढलेला माणूस थेट कंपनीच्या स्थळावर जाऊन ड्रायव्हर उतरवून घेतो आणि बसवतो. लिनक्सवर हीच सवय घात करते. येथे प्रत्येक मांडणीचे स्वतःचे भांडार असते. त्या भांडारातला ड्रायव्हर त्या मांडणीच्या कर्नलशी जुळवून ठेवलेला असतो आणि प्रणालीच्या सुधारणांबरोबर तोही सुधारतो. बाहेरून आणलेला ड्रायव्हर भांडाराच्या नोंदीत नसतो. पुढच्या सुधारणेला दोघांची गाठ पडते आणि पडदा पुन्हा काळा होतो. उबुंटू आणि मिंटमध्ये तर ड्रायव्हर सुचविणारी खिडकीच असते. तिने शिफारस केलेला ड्रायव्हर आधी घ्यावा.

चौथा अडथळा सर्वांत फसवा आहे. २०१२ साली विंडोज ८ बरोबर सिक्युअर बूट ही व्यवस्था सर्वत्र पसरली. ज्याच्यावर मान्यताप्राप्त स्वाक्षरी नाही तो भाग संगणक सुरू होताना आत येऊ द्यायचा नाही, असा तिचा नियम आहे. कंपनीचा ड्रायव्हर नवख्याच्या संगणकावरच घडवला जातो तेव्हा त्याच्यावर अशी स्वाक्षरी नसते, म्हणून कर्नल त्याला दारातच अडवतो. यावर उपाय म्हणजे मालकाने आपली स्वतःची किल्ली नोंदवणे. ड्रायव्हर बसवताना एक परवलीचा शब्द मागितला जातो आणि पुढच्या आरंभी निळ्या पार्श्वभूमीचा एक पडदा येतो. त्यावर किल्ली नोंदवण्याचा पर्याय निवडून तोच परवलीचा शब्द द्यायचा असतो. तो पडदा काही सेकंदच थांबतो. नवखा गोंधळतो, पडदा निघून जातो, ड्रायव्हर बसलेला असूनही चालत नाही, आणि कारण कळत नाही. किल्ली नाकारली गेली, अशा अर्थाची ओळ नोंदीत दिसली तर ही नोंदणी पुन्हा करावी.

पाचवी तक्रार नेहमीची. 'काल चालत होते, आज सुधारणा घेतली आणि बंद पडले.' याचे कारण कर्नलच्या रचनेत आहे. लिनक्सच्या कर्नलने आपली अंतर्गत बोली कायम ठेवण्याचे वचन कोणालाही दिलेले नाही आणि ते धोरण म्हणून दिलेले नाही. जे ड्रायव्हर कर्नलच्या घरातच राहतात, त्यांची दुरुस्ती बोली बदलणाराच करतो. जे घराबाहेर राहतात, त्यांना प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा घडवावे लागते. हे काम डीकेएमएस नावाची व्यवस्था आपोआप करते, पण त्यासाठी कर्नलच्या शीर्षफाइली हजर असाव्या लागतात. त्या नसल्या की घडण अर्ध्यावर राहते. अशा वेळी घाबरू नये. ग्रबच्या यादीत प्रगत पर्यायांखाली जुना कर्नल शिल्लक असतो. तो निवडला की बहुधा कालचे चित्र परत येते आणि मग शांतपणे दुरुस्ती करता येते. ग्रबपर्यंत न जाता पडदा काळाच राहिला, तर कंट्रोल, आल्ट आणि एफ-३ या कळा एकत्र दाबून पाहाव्यात. पुष्कळदा नुसत्या अक्षरांचा पडदा उघडतो आणि तेथून आज्ञा देता येतात.

या सगळ्याला एक शिस्त हवी. एका वेळी एकच बदल करावा. केलेला प्रत्येक बदल वहीत तारखेसह लिहावा. जर्नलसीटीएल या आज्ञेने मागच्या आरंभाची नोंद काढून चूक कोणत्या ओळीवर झाली ते पाहावे. कोणाला विचारायचे तर 'पडदा दिसत नाही, काय करू?' असे न विचारता कार्ड कोणते, कर्नल कोणता, ड्रायव्हर कोणता, कोणता बदल केल्यावर बिघाड झाला आणि नोंद काय म्हणते, हे सांगावे. शेतकऱ्याच्या गाऱ्हाण्याला सातबारा जोडला की तहसीलदाराला ते टाळता येत नाही, तसेच हे आहे. पुराव्यासह मांडलेल्या प्रश्नाला उत्तर मिळते.

प्रिंटरपासून कार्डापर्यंत

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एकाच प्रणालीवर एका कंपनीचे कार्ड निमूट चालते आणि दुसऱ्या कंपनीचे कार्ड इतके नखरे करते, याचे कारण काय? ते तंत्रात शोधून सापडणार नाही. ते मालकीत आहे.

मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ जन्माला आली तीच मुळी एका ड्रायव्हरच्या भांडणातून, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन काम करीत. तेथील जुन्या प्रिंटरचा कार्यक्रम त्यांना उपलब्ध होता. कागद अडकला की वापरणाऱ्यांना तसा संदेश जावा, अशी सुधारणा त्यांनी त्यात केली होती. पुढे झेरॉक्स कंपनीचा नवा प्रिंटर आला, पण त्याच्या कार्यक्रमाचा मूळ मजकूर मिळेना. ज्याच्याकडे तो होता त्या दुसऱ्या विद्यापीठातील संशोधकाने, गुप्ततेचे वचन दिले असल्यामुळे, तो देण्यास नकार दिला. सहकाऱ्याने सहकाऱ्याला ज्ञान नाकारावे, अशी अट घालणारी ही व्यवस्था स्टॉलमन यांना अन्यायाची वाटली. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापले आणि १९८९ मध्ये ग्नू सार्वजनिक परवान्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. या परवान्याचे सार असे की, कार्यक्रम वापरावा, पाहावा, बदलावा, वाटावा, मात्र वाटताना पुढच्यालाही हेच हक्क द्यावेत. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोर्वाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेला लिनक्स कर्नल पुढच्याच वर्षी या परवान्याखाली आला.

ग्राफिक्सच्या क्षेत्रात या परवान्याचा अंमल कंपन्यांनी तीन तऱ्हांनी स्वीकारला. इंटेलने आपल्या अंतर्भूत ग्राफिक्सचे ड्रायव्हर बहुतांशी कर्नलच्या घरातच वाढवले. एएमडीने २००६ मध्ये एटीआय ही कार्डे बनवणारी कंपनी विकत घेतली आणि २००७ मध्ये कार्डांची तांत्रिक माहिती खुली करण्याचे धोरण जाहीर केले. २०१५ मध्ये तिचा एएमडीजीपीयू हा ड्रायव्हर कर्नलमध्ये सामील झाला. एनव्हिडियाने मात्र दीर्घकाळ आपला ड्रायव्हर बंदच ठेवला. वापरणाऱ्याच्या हाती फक्त घडलेली वस्तू, घडणीचे ज्ञान कंपनीच्या तिजोरीत. कर्नलचे निर्माते टोर्वाल्ड्स यांनी २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातील कार्यक्रमात या कंपनीचा जाहीर आणि अत्यंत कडक शब्दांत धिक्कार केला, तो या पार्श्वभूमीवर.

दरम्यान काही प्रोग्रामरांनी कार्डाचे बाहेरून निरीक्षण करून, त्याला कोणत्या आज्ञा जातात आणि त्यांचा काय परिणाम होतो हे टिपत, नूव्हो हा खुला ड्रायव्हर उभा केला. तो २०१० मध्ये कर्नलमध्ये आला. बंद पेटीचे कुलूप न फोडता आतल्या यंत्राची रचना ओळखण्यासारखे हे काम होते. श्रम आणि बुद्धी यांचा हा विलक्षण नमुना आहे. पण २०१४ पासून आलेल्या मॅक्सवेल पिढीच्या नव्या कार्डांत एनव्हिडियाने स्वाक्षरीचे फर्मवेअर आणले. कंपनीच्या स्वाक्षरीवाचून कार्डाची गती वाढवता येईना. परिणामी त्या कार्डांवर नूव्हो चालतो, पण आरंभीच्या मंद गतीनेच. ज्याने पैसे मोजून कार्ड घेतले त्याच्याच कार्डाची गती वाढवण्याचा अधिकार त्याला नाही, असा हा व्यवहार आहे.

२०२२ च्या मे महिन्यात एनव्हिडियाने ट्युरिंग आणि तिच्या पुढच्या पिढ्यांसाठी ड्रायव्हरचा कर्नलमधील भाग खुला केला. हे पाऊल स्वागतार्ह आहे. त्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. पूर्वी जे काम ड्रायव्हर करी त्यातले पुष्कळसे काम आता कार्डातल्या एका स्वतंत्र प्रोसेसरवर चालणाऱ्या फर्मवेअरकडे गेले आहे आणि ते फर्मवेअर बंदच आहे. कंपनीचा गाभ्याबाहेरचा भागही बंदच आहे. वाड्याचा दिंडीदरवाजा उघडला, पण माजघराला कुलूप कायम, असे याचे वर्णन करता येईल. तथापि या उघडलेल्या दारातून मेसाच्या कार्यकर्त्यांनी एनव्हीके नावाचा खुला ड्रायव्हर पुढे नेला, हे त्यांचे यश मान्य केले पाहिजे.

मध्ये सापडलेला माणूस

या इतिहासात सर्वाधिक कोंडी कोणाची झाली? ज्यांच्याकडे मॅक्सवेल आणि पास्कल या पिढ्यांची कार्डे आहेत त्यांची. २०१६ च्या सुमारास ही पास्कल कार्डे मध्यमवर्गीय घरांत, छपाईच्या दुकानांत, चित्रफितींचे संकलन करणाऱ्यांकडे मोठ्या संख्येने आली. २०२५ मध्ये एनव्हिडियाने जाहीर केले की, ५८० क्रमांकाची ड्रायव्हर-मालिका ही या पिढ्यांसाठी शेवटची. आधी फर्मी पिढीचा प्रवास ३९० वर आणि केप्लर पिढीचा ४७० वर असाच थांबला होता. काही काळ सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील, पण कर्नल पुढे जात राहील आणि बंद ड्रायव्हर मागे राहील. कंपनीचा ड्रायव्हर थांबला, आणि स्वाक्षरीच्या कुलपामुळे खुला ड्रायव्हर धावू शकत नाही. कार्ड मात्र धडधाकट आहे. नवख्याने नेमकी नवीन मालिका बसवली, की त्याचे कार्ड ओळखलेच जात नाही आणि पडदा काळा होतो. म्हणून अशा कार्डाच्या मालकाने ५८० हीच मालिका धरून राहावी, आणि जुन्या केप्लर अथवा फर्मी कार्डाच्या मालकाने नूव्होवर समाधान मानावे, हा व्यावहारिक सल्ला.

याच्या उलट उदाहरण पाहा. एएमडीची २०१२ च्या सुमारास बाजारात आलेली कार्डे कर्नलमध्ये जुन्या ड्रायव्हरवर चालत होती. २०२५ मध्ये, म्हणजे त्यांची विक्री थांबून कितीतरी वर्षे लोटल्यावर, वाल्व्ह या खेळांच्या कंपनीसाठी काम करणाऱ्या प्रोग्रामरने त्यांना नव्या एएमडीजीपीयू ड्रायव्हरवर आणण्याचे उरलेले काम पुरे केले. मूळ विक्रेत्याला या कार्डांतून एक पैसाही मिळणार नव्हता. तरी ती सुधारली, कारण त्यांचे ज्ञान सर्वांसाठी खुले होते आणि ज्याला गरज वाटली त्याला हात घालता आला. दोन यंत्रांच्या वयात मोठा फरक नाही. एकाला वार्धक्य लादले गेले, दुसऱ्याला तारुण्य परत मिळाले. फरक मालकीचा आहे.

भाबडेपणा नको

येथे एका गैरसमजापासून सावध राहिले पाहिजे. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे समाजवाद, असे समीकरण मांडण्याचा मोह अनेकांना होतो. ते समीकरण टिकत नाही. एएमडीने माहिती खुली केली ती औदार्याने नव्हे, बलाढ्य स्पर्धकासमोर तो एक शहाणपणाचा मार्ग होता म्हणून. वाल्व्ह लिनक्सवर पैसा घालते, कारण २०२२ मध्ये तिने बाजारात आणलेले स्टीम डेक हे यंत्र लिनक्सवर चालते. कर्नलमधील बहुसंख्य काम आज पगारी प्रोग्रामर करतात आणि त्यांचे पगार मोठ्या कंपन्या देतात. नूव्होचा भार वर्षानुवर्षे वाहणारे बेन स्केग्ज हे रेड हॅट कंपनीच्या नोकरीत होते. २०२३ मध्ये त्यांनी ती जबाबदारी सोडली आणि २०२४ मध्ये ते एनव्हिडियाच्याच नोकरीत जाऊन खुल्या ड्रायव्हरवर काम करू लागले. सामाईक संपत्तीचा सांभाळ मोजक्या माणसांच्या खांद्यावर असतो आणि ते खांदे भाड्याने घेता येतात, एवढा बोध यातून निश्चित घ्यावा.

पण म्हणून या संपत्तीचे मोल कमी होत नाही. महाराष्ट्राला सहकाराचा अनुभव आहे. १९५० च्या सुमारास लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा ऊस पिकवणारा हाच कारखान्याचा मालक, ही कल्पना क्रांतिकारक होती. पुढे अनेक ठिकाणी सभासद कागदावर मालक राहिला आणि ताबा दुसऱ्यांकडे गेला. त्याचे एक कारण असे की, सभासदाने ताळेबंद वाचणे सोडले. ग्नू परवाना वापरणाऱ्याला कागदावरची मालकी देतो. प्रत्यक्ष ताबा त्याला तेव्हाच मिळतो, जेव्हा तो स्वतः किंवा त्याचा विश्वासू शेजारी त्या यंत्राची नोंद वाचू शकतो. प्रत्येकाने प्रोग्रामर व्हावे, असा याचा अर्थ नाही. प्रत्येक सभासद लेखापरीक्षक नसतो. पण गावात एक तरी माणूस हिशेब वाचणारा असला, की लबाडी करणाऱ्याचा हात आखडतो.

डॉ. राममनोहर लोहियांनी लहान घटकाच्या यंत्राचा आग्रह धरला होता. ज्याच्या हाती यंत्र त्याला ते समजावे, सांभाळता यावे, हा त्या आग्रहातला विचार आजही ताजा आहे. ग्राफिक्स कार्ड कोणी घरी बनवणार नाही. त्याचे उत्पादन मूठभर देशांत आणि मूठभर कंपन्यांत एकवटलेले राहील. पण विकत घेतल्यानंतर ते चालवण्याचे ज्ञान तरी विक्रेत्याकडे ओलीस राहू नये, ही मागणी पूर्णपणे व्यवहार्य आहे. सिक्युअर बूटचेच पाहा. बहुतेक लिनक्स मांडण्यांचा पहिला भाग आजही मायक्रोसॉफ्टच्या स्वाक्षरीने संगणकाच्या दारातून आत जातो. एका कंपनीच्या शिक्क्यावाचून दुसऱ्याच्या मालकीचे यंत्र सहज सुरू होऊ नये, ही स्थिती लोकांनी निमूटपणे स्वीकारली, कारण ती कोणी त्यांच्या भाषेत समजावून सांगितली नाही.

कार्यकर्त्यांपुढील काम

शेवटी करायचे काय?

पहिली गोष्ट, खरेदीची. शाळा, ग्रामपंचायती, सहकारी संस्था, युनियन यांच्यासाठी संगणक घेताना, खुल्या ड्रायव्हरवर चालणारेच ग्राफिक्स हवे, ही अट निविदेत घातली पाहिजे. भारत सरकारने २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले आहे. त्याचा आधार या मागणीला आहे. केरळने आपल्या सरकारी शाळांतील संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर उभे करून हे मोठ्या प्रमाणावर जमते, हे दाखवून दिले आहे. जे केरळच्या शाळेत चालते ते महाराष्ट्राच्या शाळेत न चालण्याचे कारण नाही. एक ग्राहक कंपनीला वाकवू शकत नाही. दहा हजार शाळांची एकत्रित मागणी वाकवू शकते. कामगार संघटनांना हे गणित शिकवण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट, भाषेची. काळ्या पडद्यावरचे उपाय आज इंग्रजीत विपुल आहेत, मराठीत अत्यल्प. ज्ञान बंद करण्याचे दोन मार्ग असतात. एक कुलपाचा, दुसरा भाषेचा. जोतीराव फुल्यांच्या महाराष्ट्राला हे वेगळे सांगायला नको. नोमोडसेट म्हणजे काय, किल्ली कशी नोंदवायची, जुना कर्नल कसा निवडायचा, हे चार पानी मराठी पत्रकात मावते. प्रत्येक जिल्ह्यात दोन-तीन माणसांनी हे काम अंगावर घ्यावे.

तिसरी गोष्ट, वागणुकीची. जाणत्यांच्या वर्तुळात नवख्याला 'आधी माहितीपुस्तिका वाच' असे हिणवून वाटेला लावण्याची एक वाईट रीत आहे. ती ज्ञानाच्या सोवळ्याचीच नवी आवृत्ती आहे. ज्या चळवळीने ज्ञान सर्वांचे म्हणायचे, तिनेच दारात आलेल्याला पायरीवर उभे ठेवायचे, ही विसंगती आहे. नवख्याचा प्रश्न अपुरा असेल तर तो पुरा कसा करावा हे शिकवावे. आज ज्याचा पडदा उजळला तो उद्या शेजाऱ्याचा पडदा उजळवेल.

म्हणून साथींनो, आपापल्या कार्यालयात जुना म्हणून कोपऱ्यात ठेवलेला संगणक असेल तर तो भंगारात देऊ नका. त्याच्यातले कार्ड कोणते ते आधी पाहा, एका वहीत लिहा आणि कामाला लागा. पडदा काळा झाला तर चूक आपलीच, असे आधी मानू नका. नोंद वाचा. चूक आपली असेल तर ती सुधारा. चूक मालकीच्या व्यवस्थेची असेल तर ती चार लोकांना समजावून सांगा.